हिरड्यांचा हृदयाशी संबंध

तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागे एकाला हा किस्सा सांगितला, तर त्याच्या नाकातून चहा आला होता.

नाशिकमध्ये घंटागाडी नवीनच सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही नाशिक रोडला राहायचो. माझे सासरे, अप्पा, गणपतीसाठी दिंडोरीहून आले होते. अप्पांच्या तोंडात दात एक नाही, कवळीचा तिटकारा, पण प्रकृती ठणठणीत! त्याचं सगळं श्रेय हिरड्याला. रोज रात्री बरणीतून चमचाभर हिरड्याची पूड, वर कोमट पाणी, आणि त्यावर ठरलेलं वाक्य, "ज्याला आई नाय, त्याची आई हिरडा!"

एका संध्याकाळी कॉलनीच्या मंडळानं कुणा डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. मी घरी बसूनच ऐकत होतो. न ऐकून करणार काय? कर्णा आमच्याच गॅलरीसमोर बांधलेला! बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम स्वच्छ आवाज आला, "हिरड्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे! दुर्लक्ष करू नका!"

आता मी दुर्लक्ष करणार होतो का? सासऱ्यांच्या हृदयाचा प्रश्न!

अप्पांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून सकाळी घंटागाडी आली तशी अख्खी बरणी तिच्यात टाकून मोकळा झालो. रात्री अप्पांनी बरणी शोधली. मी म्हटलं, "मांजरानं फोडली."

पुढचे दिवस घरात मोदक होते आणि अप्पांच्या पोटात हिरडा नव्हता. परिणाम काय व्हायचा तो झाला.

"जावईबापू, पोटाचा पार दगूड झालाय!"

"होईल हळूहळू सवय, अप्पा."

शेवटी एका सकाळी ते छातीवर हात ठेवूनच बसले. "हितं कळ येतीय वो!"

माझी तर खात्रीच पटली. इतक्या वर्षांचा हिरडा अंगात मुरलेला, तो असा जातोय थोडाच! मंडळाच्या पोरांना पत्ता विचारला, अप्पांना रिक्षात घातलं आणि थेट त्या व्याख्यानवाल्या डॉक्टरांकडे गेलो. दारावरची पाटी वाचायला वेळ कुणाला होता?

"डॉक्टर, हिरड्यांमुळे यांच्या छातीत दुखतंय!"

डॉक्टरांनी अप्पांना आ करायला लावलं. "हिरड्या तर छान आहेत यांच्या."

"छान कसल्या? रोज रात्री खातात!"

"काय खातात? तोंडात तर एक दात नाही!"

"दात कशाला लागतात? पूडच असते! हिरडे खातात हो! बरणीतले!"

डॉक्टरांनी हातातला छोटा आरसा खाली ठेवला. "मी हिरडीबद्दल बोललो होतो. दाताभोवतीची हिरडी. मी दातांचा डॉक्टर आहे."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. हिरड्या सुजून राहिल्या की ती सूज तोंडापुरती राहत नाही, तिथले जंतू रक्तात उतरतात. अशा लोकांत हृदयविकार जास्त दिसतो. तेच एक कारण, असं मात्र अजून कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. अप्पांचा बहुतेक गॅस असावा, तरी आत्ताच शेजारच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढून घ्या.

ईसीजी अगदी नीट निघाला. गॅसच होता. मी सुटकेचा निःश्वास टाकत डॉक्टरांचे आभार मानायला परत आलो, तर ते माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"ब्रश करताना रक्त येतं का तुम्हाला?"

"येतं की. वर्षानुवर्षं येतंय. त्याला काय होतंय?"

पुढच्या मिनिटाला खुर्चीत मी होतो. अप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते. दात साफ करता करता डॉक्टर म्हणाले, "घरी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करत जा."

"मिठापरीस हिरड्याचा काढा लय भारी, हिरडीला," अप्पा म्हणाले. "माझ्याकडं बरणीभर हिरडा व्हता. जावईबापू, कंच्या मांजरानं फोडली म्हनला ती?"

मी डोळे मिटून घेतले. माझा आ तसाच वासलेला होता.