जीव घाबरा होतोय

अंतरा आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. इथे आखातात, अल हिलालच्या या बिल्डिंगमध्ये आली तेव्हा दुसरीत होती, आता बारावीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत. डॉक्टर व्हायचं हे तिचं स्वतःचं वेड. लहानपणी माझ्या स्वयंपाकघरातल्या लंगड्या झुरळाला पट्टी बांधायला निघाली होती.

मेडिकलला नुसते मार्क पुरत नाहीत, अभ्यासाशिवाय काय केलं तेही विचारतात, हे कळल्यापासून तिच्या आईला, विभावरीला, चैन नव्हती. पियानो झाला, वादविवाद झाला, किनारा साफ करून झाला.

"विभा, आता झोपेचाही क्लास लाव तिला," मी म्हणायचे.

"तुझं बरंय गं. तुझा सुशांत इंजिनिअर होऊन सुटला."

मग आमच्या मराठी मंडळाचं आरोग्य शिबिर तिच्या कानावर गेलं. शुक्रवारी बिरकत अल अवामेरच्या वस्तीत आपल्याकडच्या कामगारांची तपासणी असते. डॉक्टर इजिप्शियन, त्यांना दुभाषी लागतो. "हे अर्जात सगळ्यात वर!" विभावरी म्हणाली. अंतराही खुलली. डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची मिळणार होती ना!

त्या शुक्रवारी जालिंदर आला होता. परभणीकडचा, हमद पोर्टवर ट्रेलर चालवतो. अंतराशी काहीतरी बोलला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, तो गेला.

सोमवारी त्याच्या खोलीतल्या बाबूचा फोन. "ताई, जालिंदर पडला कामावर. हार्टचं निघालं. वाचला, पण दवाखान्यात हाय."

मी अंतराला विचारलं, "काय म्हणाला होता गं तो?"

"जीव घाबरा होतोय म्हणाला. सो आय सेड, ही इज स्केअर्ड."

डॉक्टरांना वाटलं, घरची आठवण येत असेल. नीट झोप, घरी फोन कर, असं सांगून त्याला पाठवलं.

माझी तव्यावरची पोळी करपली. "बाळा, जीव घाबरा होतो तेव्हा माणूस कशाला भ्यालेला नसतो. छातीत कोंडतं, घाम फुटतो, श्वास पुरत नाही."

ती ओट्याला धरून उभी राहिली.

आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. अंतराने त्याला सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या मराठीत. जालिंदर हसला. "आगं माय, बराबरच सांगितलंस की. घाबरलो बी व्हतो मी." विभावरी हसली, मीही हसले. अंतराचे डोळे खाली.

गाडीत विभावरी म्हणाली, "बघ, त्यांच्या मनात काही नाही. विषय खलास. आता शिबिराचं लिहून टाक, गुरुवार शेवटची तारीख आहे."

"काय लिहू, आई? मी कुणाला मदत केली?"

"अगं, हातात दुसरं आहे काय आपल्या? पियानोवर कोण घेणार तुला मेडिकलला?"

अंतराने पियानो लिहिला, वादविवाद लिहिला. शिबिर लिहिलं नाही. विभावरी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, माझ्याशीही तुटकच.

शुक्रवारी निघताना दार उघडलं तर अंतरा बाहेर उभी. "मावशी, येऊ?"

शिबिरात ती खुर्ची ओढून बसली. समोर एक सुतार होता, पोटावर हात ठेवून. "सकाळपास्नं कालवतंय," तो म्हणाला.

डॉक्टर तिच्याकडे बघत थांबले. ती त्यांच्याकडे वळलीच नाही.

"कालवतंय म्हणजे काय होतं, काका? मला माहीत नाही. सांगा ना."