समुद्रकाठच्या दिव्याला करडईचं तेल

आमच्या बीडकडच्या माणसाला समुद्र दाखवा, तो आधी पाण्याचा उपयोग विचारतो. कोकण सहलीच्या आमच्या गाडीतल्या एका बागायतदारानं गाइडला खरोखर विचारलं, "हे मोटारीनं उपसता येतंय का?"

"खारं आहे, काका."

"मंग कावून ठिवलंय येवढं?"

अख्खी गाडी खिदळली. मी तर सीटवर आडवा झालो. शेजारी आई मात्र मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून पाण्याकडं बघत होती.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. चौसाळ्याच्या ढाब्यावरून थेट जहाजावर! एवढी लांब उडी आमच्या घराण्यात कुणी मारली नव्हती. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा फोन आला, रात्री वादळात तो पाण्यात पडला, शोधलं, पण सापडला नाही. शेवटी भावकी म्हणाली, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या आणि क्रियाकर्म उरका. आई उसळली. "माझं लेकरू वाट चुकलंय, आन् तुमी गवताचं करून जाळता व्हय त्याला?" पुन्हा तिच्यापुढं हा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

तीच आई, बीडच्या एसटी स्टँडवर सहलीच्या फलकावर दीपगृहाचं चित्र बघून मला म्हणाली, "इथं ने मला." एवढंच.

तर दीपगृहाच्या फाटकाशी आईनं चपला काढल्या. तिचं बघून मागच्या बाईनं काढल्या, मग बाईच्या नवऱ्यानं, मग साऱ्या गाडीनं. कातळ तव्यासारखा तापलेला. गावात छाती काढून चालणारी आमची माणसं टाचांवर तुरुतुरु नाचायला लागली.

"अहो, देऊळ नाही हे!" गाइड ओरडला.

"वर दिवा हाय ना?" आईनं विचारलं.

"आहे."

"रोज लागतो?"

"रोज लागतो, आजी."

"मंग कावून न्हाई देऊळ?"

गाइडनं स्वतःचे बूट काढले.

वर जायचा जिना गोल आणि अरुंद होता. आईचे गुडघे कामातून गेलेले, तरी तिनं माझा हात घेतला नाही. वर दिव्याभोवती माणसाएवढ्या भिंगाच्या पाकळ्या होत्या. गाइडनं दिव्याचा इतिहास घोळवून सांगितला. तो श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात आईनं पिशवीतून बाटली काढली. घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल.

"कुठं वतू?"

लोक हसले. गाइड हसला नाही. "आजी, हा विजेवर चालतो."

"आन् लाईट गेली मंग?"

आता तर हशाच पिकला. "आमच्याकडं ढग आलं तरी लाईट जाती बाबा," बागायतदारानं गाइडला समजावलं.

गाइडला आपल्या दिव्याचा फार अभिमान. तो आईजवळ आला आणि मायेनं म्हणाला, "बॅटऱ्या आहेत, जनरेटर आहे. आणि हाच नाही, आजी, देशोदेशीच्या किनाऱ्यांवर असे दिवे आहेत. कसलंही वादळ असो, विझू देत नाहीत."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही."

त्याला वाटलं, म्हातारीला धीर दिला. मला तेव्हा कुठं त्या तेलाचा अर्थ लागला. आमच्याकडं जाते तशी त्या रात्री कुठल्यातरी किनाऱ्यावरची लाईट गेली, म्हणून पोराला काठ दिसला नाही, असं ती दोन वर्षं धरून बसली होती. दिवा नीट लागला की तो येणार होता.

"म्हंजी त्या रातीबी चालूच व्हता," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

मग बाहेरच्या सज्जात जाऊन कठड्याशी उभी राहिली. खाली लाटा येत होत्या, जात होत्या. गाइड बाकीच्यांना घेऊन हळूच उतरला.

परतताना गाडीत भेंड्या रंगल्या. घाट चढून आल्यावर आई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "गेल्यावर भटजीला इचार. कोनता दिस चांगलाय ते."

मी मान हलवली. तिला ती दिसली नसावी.

"आन् तुझ्या बायकोला सांग, भजी कर म्हनावं. कांदा बारीक चिरू नको. त्याला मोठा लागायचा."

पुढच्या सीटवरून कुणीतरी माझ्याकडं वळून ओरडलं, "काका, तुमच्यावर भेंडी! 'म' आला, 'म'!"