प्रिहातीनबाईंचं बत्तिसावं प्रमाणपत्र

क्लातेन गावाजवळच्या एका सरकारी शाळेत दुसरीचा वर्ग प्रिहातीनबाईंकडे होता. वर्गात मुलं अठ्ठावीस आणि भिंतीवर बाईंची प्रमाणपत्रं एकतीस, सगळी लॅमिनेट केलेली. ती मिळवायला फारसं काही करावं लागत नसे. ऑनलाइन प्रशिक्षण लावायचं, कॅमेरा बंद करायचा, फोन फडताळावर ठेवून खाली केळी तळायची आणि शेवटी हजेरीची लिंक तेवढी न चुकता भरायची. त्यातली चार एडीएचडीची, म्हणजे मुलांचं लक्ष न टिकण्याच्या विकाराची होती, म्हणून पंचक्रोशीत बाई त्या विषयातल्या मोठ्या जाणकार. असल्या जाणकारांचा मला तरी वीट आला आहे.

बाईंच्या लेखी हा आजार म्हणजे मूल बाकावरून उड्या मारतं. संपलं.

वेनिंग उड्या मारत नसे. ती खिडकीबाहेर बघत बसे, पेन्सिली हरवी, टोपी विसरे, अर्धं गणित सोडून वहीच्या कडेला कोंबड्या काढी. दुसरीत तिचं हे दुसरं वर्ष होतं. यंदाही मागे ठेवलं तर शाळेत पाऊल टाकणार नाही, असं तिने आईला सांगून टाकलं होतं. आई तुमिनी शाळेच्या फाटकाशी टोफूची भजी विकायची. पोरीला तपासून घ्यायला ती इस्पितळात जाऊन आली होती. तिथल्यांनी आधी मुलगी वर्गात कशी वागते याची शाळेची चिठ्ठी मागितली होती.

"बाई, दोन ओळी लिहून द्या ना."

"कसल्या ओळी? पोरगी गप्प बसून असते. हायपर मुलं अशी असतात होय? आळशी आहे ती. मी चार-चार प्रशिक्षणं केलीत, तुमिनी. तू भजी तळ."

एका सोमवारी शाळेची तपासणी होती. वेनिंग गणवेशाची टोपी विसरली, म्हणून झेंडावंदन झाल्यावरही तिला बाहेर झेंड्याच्या खांबापाशी उभं ठेवलं होतं. आत तपासणीच्या साहेबांना दाखवायला बाईंनी 'विशेष बालक' म्हणून बागसला पुढे बसवलं होतं. वर्गातला सगळ्यात दांडगट तोच. पण नवे बूट घालून, सगळ्यांच्या नजरेसमोर बसायला मिळाल्यावर तो हाताची घडी घालून असा बसला की हलेच ना.

"हा माझ्या पद्धतीचा गुण, साहेब," बाई बेधडक म्हणाल्या आणि भिंतीवरचा एडीएचडीच्या लक्षणांचा तक्ता वाचू लागल्या.

"वस्तू हरवणे."

सत्तावीस माना खिडकीकडे वळल्या.

"विसरणे. काम अर्धवट सोडणे."

"बाई, ही तर आपली वेनिंग!" बागस ओरडला.

"गप्प बस! उदाहरण तू आहेस."

साहेबांनी 'शिक्षकांची जाणीव: उत्तम' असा शेरा मारला आणि फाटकाशी दोन भजी खाऊन ते गेले.

जूनमध्ये निकाल लागला. वेनिंग पुन्हा दुसरीतच. प्रगतिपुस्तकात बाईंच्या गोलगोल अक्षरात शेरा होता: 'वस्तू हरवते. विसरते. काम अर्धवट सोडते. लक्ष जागेवर नसते.' समोर तक्ता होता, तोच त्यांनी उतरवून काढला होता.

तुमिनी ते प्रगतिपुस्तक घेऊन तडक इस्पितळात गेली. "चिठ्ठी नाही मिळाली, डॉक्टर. याने भागेल का?"

डॉक्टरीणबाईंनी शेरा दोनदा वाचला. "अहो, किती नेमकं टिपलंय! कोण या बाई? फार जाणकार दिसतात."

तुमिनीच्या ओठांवर शिवी आली होती. पण पोरीला तपासून घ्यायचं होतं.

"हो ना," ती म्हणाली. "फारच."

वेनिंगची तपासणी झाली, उपचार सुरू झाले. तिला मागे ठेवू नये, असं डॉक्टरीणबाईंनी शाळेला पत्र लिहिलं आणि शेवटी बाईंचे आभार मानले. मुख्याध्यापकांनी मुलीला तिसरीत बसवलं. बाईंनी पत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलं, बत्तिसावं.

"ही कोणती हो मुलगी?" शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिकेने ते पत्र बघून एकदा विचारलं.

दोन वर्षं समोर बसलेली मुलगी. प्रिहातीनबाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं, पण छे.

"नाव असेल बघा त्यात कुठेतरी," त्या म्हणाल्या.