वडावरचा गरुड

मी ‘गरुड’ म्हणालो, ही माझी चूक. पांढऱ्या पोटाचा, समुद्रावर मासे धरणारा मोठा पक्षी कुठं दिसेल, असं विचारायचं होतं; मी नुसतं ‘गरुड कुठं दिसेल?’ असं विचारलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचा एक शब्द चुकला, आणि तो चुकला मल्लिनाथच्या शेवटच्या प्रवासात. मे महिन्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो. ‘काका गेले, सर.’ मी विचारलं, ‘कुठं?’ मग पाणी माझ्या पायांवर सांडलं आणि मला कळलं, कुठं ते.

मल्लिनाथ मूळचा मैंदर्गीचा, घरात कानडी बोलणारा, आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक. निवृत्तीनंतरही मला ‘मास्तर’ आणि ‘तुमी’च म्हणायचा. रविवारी मला स्कूटरवर मागं बसवून सोलापूर शहराबाहेरच्या माळावर न्यायचा. माळढोक दिसेनासा झाला, तरी त्याची फेरी चुकली नाही. मेंढरं राखणाऱ्यांशी बोलायची त्याची एक पद्धत होती. पाखराचं नाव तो कधी विचारायचा नाही. ‘केवढं हाय? बसतंय कुटं? खातंय काय?’ एवढंच. मी एकदा शहाणपणानं नाव सांगायला गेलो, तर म्हणाला, ‘नाव गावागणिक बदलतंय मास्तर, खाणं बदलत न्हाय.’ वाक्य आवडलं म्हणून मी ते दोन-तीन निरोप समारंभांत वापरलंसुद्धा. फक्त वागण्यात आणलं नाही.

दिवाळीनंतर त्याला धाप लागायला लागली. फुप्फुसं आकसत चाललीत, डॉक्टर म्हणाले. औषधानं वेग कमी होईल, इतकंच. मल्लिनाथनं फार काही मागितलं नाही. आयुष्यभर माळावरची पाखरं बघितली, एकदा समुद्रावरचा गरुड बघायचा, म्हणाला. महादेवीवहिनी ऐकेनात. ‘मरायला तितवर कशाला जायचं? हितं काय जागा कमी हाय?’ मी छाती पुढं काढून म्हणालो, ‘वहिनी, मी आहे की बरोबर.’ त्या म्हणाल्या, ‘त्याचंच तर भ्या वाटतंय.’ तरी मार्चात त्यांनी डबा बांधून दिला. औषधांची पिशवी मात्र माझ्या हातात न देता त्याच्या गळ्यात अडकवली.

कर्नाळ्याच्या अभयारण्यात तासभर दबा धरून बसल्यावर एक निळं पाखरू समोर आलं आणि मी शिंकलो. कासवांच्या गावात पिल्लं समुद्रात सोडताना मी भारावून टाळ्या वाजवल्या. तिथल्या कार्यकर्तीनं मला दोरीच्या पलीकडं, शाळेच्या सहलीत नेऊन उभं केलं. खाडीत होडीतून ‘मगर, मगर!’ म्हणून ओरडलो, तो ओंडका निघाला. आणि खरी मगर निघाली तेव्हा मी ओंडक्याचा फोटो काढत होतो. मल्लिनाथ इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. ओठ निळे पडले. होडीवाल्यानं होडी थांबवली... त्याला हसवायचं नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यानंतर मला त्याच्याशी काय बोलावं तेच सुचेना.

शेवटचं गाव अगदी दक्षिणेकडचं, खाडीच्या तोंडाशी. आमच्याकडं तिथला एकच दिवस होता. मल्लिनाथ धाप लागून धक्क्यावर बसला आणि म्हणाला, ‘जरा विचारून या की मास्तर.’ वाळूत एक म्हातारे कोळी जाळं विणत होते. मी विचारलं, गरुड कुठं दिसेल? ते मान वर न करता म्हणाले, ‘गरूड? मगे वर रायेत जावा. थंयच्या वडार फळां खाऊक येतत.’ मी परत आलो आणि मल्लिनाथला सांगितलं, वर देवराईत वडावर येतात. फळं खायला, हे सांगितलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. गरुड फळं कशी खाईल, हा प्रश्न सातवीच्या पोरालाही पडला असता.

तो डोंगर चढायला आम्हाला अडीच तास लागले. दहा पावलं टाकायची, थांबायचं. मी म्हटलं, परत फिरू. तो हातानंच ‘चला’ म्हणायचा. वडाखाली पोचलो, बसलो, आणि दुपार कलताना पंखांचा मोठा आवाज करत दोन पक्षी आले. चोच केवढी, आणि चोचीवर आणखी एक शिंग. मी आनंदानं त्याचा खांदा हलवला. मल्लिनाथनं दुर्बीण खाली घेतली. ‘मास्तर... ह्यो धनेश हाय.’ मग थोड्या वेळानं, ‘काय खातंय म्हनला हुता त्यो?’ मी म्हणालो, ‘फळं.’ त्यानं दुर्बिणीचं झाकण लावलं.

खाली उतरलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. म्हाताऱ्यांना मी आता सगळं वर्णन करून सांगितलं, पांढरं पोट, मासे. ‘अरे देवा, तो काकण! आमच्याकडे गरूड म्हणजे तो चोचवालो. काकण हयच रवता. सकाळपासून त्या सुरूर बसललो, आताच उडान गेलो.’ सुरूचं झाड धक्क्यापासून शंभर पावलांवर होतं. मल्लिनाथ जिथं बसला होता तिथून त्याला नुसती मान वळवायची होती. त्या संध्याकाळी त्याची धाप थांबेना. पहाटे गाडी करून आम्ही थेट सोलापूर गाठलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मी समजलो, रागावलाय. नंतर दोन महिने भेटायला जायचो, तेव्हाही तो विषय त्यानं काढला नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

तो गेल्यानंतर पाचेक आठवड्यांनी वहिनींकडं गेलो. बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो, आणि फोटोशेजारी चिकटवलेलं एक रंगीत चित्र... समुद्री गरुड, पंख पसरलेला, पायात मासा. वहिनींनी ते मोबाइलच्या दुकानातून छापून आणलं होतं. म्हणाल्या, ‘तितनं आल्या आल्या मला सांगितले की. म्हनाले, महादेवी, बगितला. एवढा मोटा, पोट पांढरंशिपत, पाण्यावर आला अन् मासा घेऊन गेला. हात पसरून दाखवले मला. शेवटी शेवटी बोलता येत न्हवतं, तवा मी हे चित्र समोर धरायची. बगत पडायचे.’ मग माझ्याकडं वळून विचारलं, ‘भाऊजी, तुमी हुताव की संगट. ह्योच का वो?’

आणि मी खरं सांगितलं. तीन महिने छातीवर होतं ते सगळं बाहेर आलं. शब्द, म्हातारा, वड, डोंगर, सुरू. आम्हाला तो दिसलाच नाही वहिनी, माझ्यामुळं नाही दिसला. सांगताना मला हलकं वाटत होतं, हे लिहायलाही लाज वाटते. वहिनी रडल्या नाहीत. चित्राचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्यानं दाबला. अंगठा काढला की कोपरा परत उठायचा. त्या परत दाबायच्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

‘एवढं एक व्हय म्हनता येत न्हाय, अन् म्हनं मराठीचे मास्तर.’