खाणीतल्या माणसाला विचारलेले प्रश्न

नव्वदच्या दशकात मी गोरव्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. यादीशिवाय मला काही सुचत नसे, म्हणून स्थळ आलं तेव्हाही मी चौदा प्रश्न लिहून ठेवले होते.

मुलगा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे जमिनीखाली एका पाळीचं काम बघणारा. दोन दिवसांसाठी आमच्याच शहरात, हरणीला, त्याच्या मावशीकडे आला होता. अकोट्याला आमच्या घरी चहापोहे झाल्यावर आई तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "जरा बागेत फिरून या ने दोघं."

कमाटी बागेतल्या बाकावर मी यादी काढली. तो हसला नाही. तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. वसाहतीत पाणी कधी येतं, बाजार किती लांब, बायकांना खाली जाता येतं का (नाही, कायदाच तसा). उत्तरं सरळ होती. सातवा प्रश्न माझ्या निव्वळ कुतूहलाचा: खाली कोण राहिलंय, हे वर कसं कळतं?

"दिवा घेताना आपला पितळी बिल्ला खुंटीला टांगायचा. वर आलं की दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा."

"आमच्याकडे कामगारांना अवजारं देताना हेच करतात! आणि बिल्ला तसाच राहिला तर?"

"तुम्ही अवजार शोधता. आम्ही माणूस." मग तोच म्हणाला, "एकदा माझाच राहिला होता. अंगात ताप होता. दिवा कमरेला तसाच बांधून खोलीवर जाऊन झोपलो. सहा जण मला शोधायला पुन्हा खाली उतरले. तीन तास हाका मारत होते."

हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. पुढचे सात प्रश्न राहूनच गेले.

घरी मी सगळं सांगितलं आणि बाबा उसळले. "खाणीत, आणि असा विसराळू? ना पाडून टाका, नकार कळवा!"

त्याची गाडी संध्याकाळची. त्याआधी मावशींना निरोप द्यायचा होता. आई फोनकडे निघाली तशी मी म्हटलं, "थांब, एक विचारायचं राहिलंय," आणि लूना काढून हरणी गाठली.

"अगं, आवो आवो!" मावशींनी दार उघडलं. तो बॅग भरत होता.

"त्या सहा जणांना दुसऱ्या दिवशी काय सांगितलंत?"

"सांगणार काय? माफी मागितली. पाच जणांनी सोडून दिलं. सहावा अजून शिव्या घालतो, रोज पाळी सुटताना, सगळ्यांसमोर."

"त्याची बदली दुसऱ्या पाळीत नाही केलीत?"

"कशाला? तो ओरडला की माझा हात आधी दिव्याकडे जातो."

मी मावशींकडे वळले. "आमच्याकडून हो आहे."

"बाबांनी हो म्हटलं?"

"अजून नाही. पण त्यांची हरकत एकच होती, आणि तिचं उत्तर मला आत्ता मिळालं."