पिवळ्यांचं काही खरं नाही

दादाच्या तोंडातले खिळे जमिनीवर सांडले तेव्हा दुकानात पुढच्या सीझनचं बोलणं चाललं होतं.

आदल्या दिवशी पिवळे हरले होते. पिवळे म्हणजे आमची फुटबॉलची टीम, पिवळ्या शर्टवाली. शेवटची मॅच होती, नुसती बरोबरी झाली असती तरी भागलं असतं, पण संपता संपता पेनल्टी दिली आणि गेले खालच्या लीगमध्ये. सकाळी नेहमीचे तिघं दादाच्या दुकानात येऊन बसले, तोंडं अशी की घरातलं कोणी गेलंय. तेव्हा कोणी गेलं नव्हतं.

दादा सोफे, खुर्च्या नव्यानं मढवायचा. जुनं कापड फाडायचं, स्प्रिंगा बांधायच्या, फोम टाकायचा, वर नवीन रेक्झिन ताणून खिळे मारायचे. खिळे तो तोंडात धरायचा, एकेक जिभेनं पुढे काढायचा आणि ठोकायचा, आणि बोलायचं असेल तर तोंडाच्या कोपऱ्यातनं बोलायचा. म्हणून मित्र त्याला खिळ्या म्हणायचे. मागच्या बाजूला मशीनवर वहिनी बसायची, गाद्यांच्या खोळी शिवायची. लग्न झाल्यापासून दोघं एकाच दुकानात, पण तोंडं दोन दिशांना.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरची खुर्ची आली होती मढवायला. पोस्टमन त्या खुर्चीवर आडवा झाला होता, टेम्पोवाला एका उघड्या सोफ्यावर बसला होता, खालनं स्प्रिंगा टोचत होत्या तरी. तिसरा बगळा, उंचच्या उंच, तो तरुणपणी पिवळ्यांचा राखीव गोलकीपर होता. एकदासुद्धा मैदानात उतरवला नाही त्याला. आता इस्त्रीचं दुकान चालवतो.

"गोली चालला," पोस्टमन म्हणाला. "वरच्या टीमनं बोलावलंय त्याला."

"जाऊ दे," टेम्पोवाला म्हणाला. "जाताना हातातली भोकं पण घेऊन जाईल."

"मग उभा कोण राहणार? बगळ्या, तू राहतोस का?"

"मी राहिलो तर जाळीच लाजून पळून जाईल."

दादा खिळ्यांमधून म्हणाला, "मधे म्हातारे, पुढे आंधळे, आणि कोच म्हणतो पोरांना वेळ द्या. काही खरं नाही."

"काही खरं नाही," तिघं एकदम म्हणाले.

हे असंच म्हणायचं असतं. त्या दुकानाचा नियमच होता तो. फार वर्षांपूर्वी एकदा दादा सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हणाला होता, यंदा कप आपलाच. बोलाफुलाला गाठ पडली म्हणा, पहिल्याच मॅचला गोल मारणाऱ्या खेळाडूचा पाय मोडला आणि वर्ष वाया गेलं. तेव्हापासून ठरलं, पिवळ्यांबद्दल चांगलं बोलायचं नाही. चांगलं बोललं की नजर लागते. जो बोलेल त्यानं सगळ्यांचे चहाचे ग्लास धुवायचे. पोस्टमननं एकदा चुकून म्हटलं होतं, यावेळी डिफेन्स बरा दिसतोय. ग्लास धुतले बिचाऱ्यानं, आणि तरी तीन गोल खाल्ले पिवळ्यांनी. मग तर नियम पक्काच झाला.

दुकानातला नियम घरात यायला किती वेळ लागतो. वहिनी लग्न होऊन आली, पहिल्यांदा हातानं स्वयंपाक केला, दादाला विचारलं, कसं झालंय? दादा म्हणाला, काही खरं नाही. ती आत जाऊन रडली. तिच्या माहेरी वाईट शब्द काढायची सोय नव्हती, वास्तू तथास्तु म्हणते म्हणायचे. आमच्या आईनं तिला समजावलं, अगं, त्याला आवडलंय म्हणून तो तसं म्हणाला, आवडलं नसतं तर छान म्हणाला असता. हळूहळू तिलाही सवय लागली. मुलीची परीक्षा, काही खरं नाही. मुलगी पहिल्या नंबरानं पास झाली. नवीन मशीन घेतलं, काही खरं नाही. ते मशीन अजून चालतंय. आम्ही पाहुणे म्हणून गेलो की हसायचो, शुभ बोल रे नाऱ्या, तर वहिनीच आम्हाला म्हणायची, गप्प बसा, तुमच्या शुभ बोलण्यानंच घरं बुडतात.

दादाच्या हृदयाची गोष्ट निघाली तेव्हापण तसंच. डॉक्टरनं सांगितलं ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका. दादा म्हणाला, सीझन संपू दे. वहिनीनं डोकं आपटलं, भांडली, अबोला धरला, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो कबूल झाला की सीझन संपल्यावर लगेच दवाखान्यात जायचं. तारीखसुद्धा मिळाली होती. वहिनी रोज मनातल्या मनात म्हणायची, काही खरं नाही, काही खरं नाही. म्हणजे हे नीट पार पडू दे.

तर त्या सकाळी बोलता बोलता दादा म्हणाला, "डावा हात जड झालाय रे."

टेम्पोवाला म्हणाला, "आपल्या डाव्या बाजूचं तेच झालंय. वर्षभर उचललीच नाही कोणी."

सगळे हसले. दादापण हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडातले खिळे सांडले.

"ए खिळ्या, खिळे काय पेरतोयस?" पोस्टमन म्हणाला.

मग हातोडी पडली. वहिनीचं मशीन थांबलं. ती वळली तोपर्यंत दादा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीला धरून खाली बसत होता, घामानं निथळत होता, चेहरा फोमसारखा झाला होता.

टेम्पो दाराशीच होता. बगळ्यानं आणि पोस्टमननं त्या उघड्या सोफ्यावर त्याला आडवं केलं आणि सोफ्यासकट टेम्पोत चढवलं. वहिनी मागे त्याच्याजवळ बसली, डोकं मांडीवर घेतलं. त्याचं तोंड पलीकडे, रस्त्याच्या बाजूला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत सुटला. रस्त्यात लोक वळून बघत होते, हे काय सोफ्यावर माणूस घेऊन चाललेत.

सिग्नलला टेम्पो अडकला. दादानं विचारलं, "अगं, होईन ना मी बरा?"

वहिनीच्या तोंडातनं निघालं, "काही खरं नाही."

तिनं नेहमीसारखंच म्हटलं. इतकी वर्षं जसं म्हणायची तसं. उलट जास्तच जीव लावून म्हटलं, कारण इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. चांगलं बोलले आणि दृष्ट लागली तर, एवढंच तिच्या डोक्यात.

दादा म्हणाला, "हं."

मग तो काही बोलला नाही. दवाखान्याच्या फाटकात टेम्पो शिरला तेव्हाच वहिनीला मांडीवर कळलं. डोकं एकदम जड झालं होतं. आतल्या लोकांनी केलं काय करायचं ते, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानंतर वहिनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. जो येईल त्याला एकच विचारायची, त्यांना कळलं असेल का? मी कशासाठी म्हटलं ते कळलं असेल ना? सगळे म्हणायचे, कळलं असणार की, नियम त्याचाच होता. मग ती म्हणायची, "मग हं का म्हणाले? कळलं असतं तर ते पण म्हणाले असते ना, काही खरं नाही. नेहमी म्हणायचे. त्या दिवशी हं का?"



मुलगी येऊन राहिली होती. तिनं समजावलं, आई, बाबांना त्रास होत होता, त्यांना बोलवत नसेल. वहिनी म्हणाली, "मरणाऱ्यानं पाणी मागितलं तर लोक पाणी देतात. त्यांनी एक शब्द मागितला. तोंडाशी होता माझ्या. मी तो पण नाही दिला."

बगळा येऊन म्हणाला, "वहिनी, तो हसला असेल बघा मनातल्या मनात."

"तोंड माझ्याकडे नव्हतं," वहिनी म्हणाली. "मला दिसलं नाही."

जेवण सुटलं तिचं. घास तोंडापर्यंत न्यायची आणि परत ताटात ठेवायची. मधेच उठून आरशासमोर उभी राहायची आणि हळू म्हणून बघायची, हो, व्हाल बरे. व्हाल ना, का नाही होणार. मुलीनं ऐकलं एकदा दाराआडनं. आम्हाला वाटलं आता ही पण हाय खाऊन जाते. दुकान बंद, शटरवर धूळ.

शेवटी दातांच्या डॉक्टरचा निरोप आला. रागानं नाही, पण खुर्ची कधी मिळेल, पेशंटना स्टुलावर बसवतोय म्हणाला. वहिनी त्या दिवशी उठली आणि दुकान उघडलं. जमिनीवर खिळे तसेच होते. तिनं एकेक वेचला. चप्पल न घालता गेली होती, एक टोचला पण, तो पण वेचला. मग मशीनवर बसली आणि खुर्चीच्या पाठीची खोळ शिवायला घेतली.

शटर वर दिसलं तसे तिघं आले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. सीझन सुरू व्हायला आला होता. चहावाल्याकडून चहा आणला, ग्लासात ओतला, बसले. 

"गोली गेला शेवटी," पोस्टमन म्हणाला.

"नवीन आणलाय. पोरगा आहे अगदी," टेम्पोवाला म्हणाला. "मिशी फुटायचीय."

"उंची कमी पडते त्याची," बगळा म्हणाला. "आणि खालच्या लीगची मैदानं म्हणजे नांगरलेली शेतं. त्यात मधले ते म्हातारे."

आता ते म्हणायचं होतं. तिघंही थांबले. दरवेळी पहिला दादा म्हणायचा, मग बाकीचे. टेम्पोवाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पोस्टमन खाली बघत होता.

मशीन थांबलं. वहिनी न वळता म्हणाली, "येतील वर."

"वहिनी," पोस्टमन दचकून म्हणाला, "अहो..."

"येतील. पुढच्या वर्षी पिवळे वर येतील. चांगले खेळतील. सगळं नीट होईल." आवाज फाटत होता तिचा, पण ती थांबली नाही. "का नाही होणार? होईल."

 मग बगळा उठला, चहा अर्धाच प्यायला होता त्यानं, आणि सगळ्यांचे ग्लास गोळा करायला लागला.

"राहू द्या वहिनी, मी धुतो."

"ठेवा तिथं," वहिनी म्हणाली. "नियम म्हणजे नियम. मी बोललेय."

तिनं तिघांचे ग्लास घेतले. मग वरच्या फळीवरनं, हातोडीच्या बाजूचा, दादाचा ग्लास काढला. त्या दिवशीचा चहा तळाला वाळून काळा झाला होता. मागच्या नळाखाली बसून तिनं आधी तिघांचे धुतले, पालथे घातले. दादाच्या ग्लासातला डाग निघेना. तिनं पाणी भरून ठेवलं, थोडं थांबली, आणि मग नखानं खरवडायला लागली.