शिवणाच्या बाई आणि ‘उद्या या’

अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेत शालन खरात शिवण शिकवायच्या. शिवणाचे तास बंद झाले, तेव्हा हेडसरांनी त्यांना दहावीचा जीवनकौशल्याचा तास दिला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. पुस्तकातला पहिला धडा होता ‘स्वतःला ओळखा’. बाई म्हणाल्या, “ते म्हातारपणी जमेल. आधी कॉलेजातला क्लार्क ओळखा.”

बाईंचं स्वतःचं कॉलेज तीन दिवसांत संपलं होतं. वर्ग कुठे भरतो, हे विचारायची हिंमतच झाली नव्हती. म्हणून आता त्या टेबलामागे क्लार्क होऊन बसायच्या, मान वर न करता “उद्या या” म्हणायच्या आणि मुलांनी नीट प्रश्न विचारेपर्यंत ढिम्म हलायच्या नाहीत. मनाली नावाची मुलगी तर या खोट्या क्लार्कपुढेही रडायची.

निकालानंतर मनाली कागदपत्रं घेऊन उल्हासनगरच्या एका कॉलेजात गेली. खरा क्लार्क म्हणाला, “उद्या ये.”

“कोणता कागद कमी आहे, तेवढं लिहून द्या,” मनाली म्हणाली.

कागद एकही कमी नव्हता. प्रवेश तिथल्या तिथे झाला.

तिचा फोन आला तेव्हा बाई बाजारात होत्या. त्यांनी भाजीवाल्याला सगळी हकीकत दोनदा ऐकवली. शेवटी त्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि त्यांना वाटेला लावलं.